चिंगीचं विमान

विमानातून कुत्रं न्यायचं ठरलं तेव्हा मला आधी धर्मराज आठवला. महाभारताच्या शेवटाकडे, महाप्रस्थानिक पर्वात, द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम एकेक करून पडतात आणि वर दोघंच उरतात. युधिष्ठिर, आणि हस्तिनापुरापासून मागोमाग चालत आलेलं एक कुत्रं. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, तू बस, कुत्र्याला सोड. कुत्रं बाळगणाऱ्याला स्वर्गात जागा नाही. युधिष्ठिर म्हणतो, मग मीही नाही. पुढे ते कुत्रं म्हणजे साक्षात यमधर्म निघाला, पण ते नंतर. त्या घटकेला ते नुसतं थकलेलं कुत्रं होतं आणि रथाचा नियम इंद्रानं स्वच्छ सांगितला होता. आपल्याकडची बरीचशी विमानं आजही इंद्राच्या नियमानं चालतात.

आमच्या घरात धर्मराज झाली आई. तिचे गुडघे गेली काही वर्षं बोलत होते आणि या पावसाळ्यात ते माझ्याकडे बंगळुरूला आणून एकदाचे दाखवायचे, जमलं तर शस्त्रक्रिया करून टाकायची, असं ठरलं. म्हणजे मी ठरवलं. आई ओटीवर बसून कोकमाच्या सोलांना मीठ चोळत होती. ऐकून घेतलं, हात धुतले आणि म्हणाली, "चिंगीक सोडून मी खंय जावचंय नाय."

चिंगी म्हणजे पांढरी-तांबूस, झुपकेदार शेपटीची कुत्री. आईकडे पॉमेरेनियन सांगून आलेली, पण कान आणि अक्कल दोन्ही गावठी. शिरोडा आणि वेंगुर्ल्याच्या मधल्या आमच्या वाडीत कुत्रं माणसाचं नसतं, घराचं असतं. चाकरमानी गणपतीला येतात, शिमग्याला येतात, मे महिन्यात आंबे खाऊन जातात. घराला कुलूप लागतं आणि कुत्रं पडवीत राहतं. शेजारीण भाताचं भांडं ठेवते. त्यात कुणाला वावगं वाटत नाही आणि पूर्वी मलाही वाटलं नव्हतं. पण आमच्या शेजारचं घर गेल्या वर्षी कायमचं बंद झालं, त्याच्या पुढची दोन घरं त्याआधीच झालेली, आणि बिबट्या आता तिन्हीसांजेला विहिरीपर्यंत येतो. बिबट्याला गुरापेक्षा कुत्रं सोपं पडतं, हे वाडीतल्या पोरांनाही माहीत आहे. चिंगीला आई रात्री माजघरात घेते ती लाडानं नव्हे. तेव्हा आईचं म्हणणं हट्टाचं नव्हतं, हिशेबाचं होतं.

रस्त्यानं न्यायचं तर आंबोलीचा घाट चढून बेळगाव, हुबळी करत अख्खा दिवस. एवढा वेळ आईचे पाय दुमडून बसायला तयार नव्हते. रेल्वेचं पाहिलं. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली तेव्हापासून आमच्याकडे सगळ्या प्रश्नांचं उत्तर रेल्वे हेच असतं, पण कुत्र्याच्या बाबतीत नाही. कुत्रं सोबत हवं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे आपल्या नावावर पाहिजे, नाही तर त्याला गार्डाच्या डब्यातल्या लोखंडी खोक्यात एकटं बसवायचं. शिवाय मडगावला गाडी बदलायची. खोक्याचं मी आईला सांगितलंसुद्धा नाही.

राहिलं विमान. चिपीचा विमानतळ आमच्याच तालुक्यात, २०२१ च्या ऑक्टोबरात उघडला. आमच्या अंगणातून त्याची विमानं उतरताना दिसतात. पण कुत्र्याला आत घेणारं, आम्हाला हव्या त्या दिवशीचं विमान मिळत होतं ते मोपावरून. मोपा २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला. गोव्याच्या पेडण्यातल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, हा विमानतळ. बांद्याहून पत्रादेवीचा नाका ओलांडला की पोचलोच. देशात बरीच वर्षं माणसांच्या शेजारी, वरच्या कक्षात एअर इंडियाच काय ती कुत्री-मांजरं घेत असे. २०२२ च्या नोव्हेंबरात अकासा या विमान कंपनीनंही सुरुवात केली. माणसाच्या तिकिटासारखं हे दोन बोटांनी निघत नाही. फोन करा, एका विमानात मोजक्याच प्राण्यांना जागा असते ती शिल्लक आहे का विचारा, लसीचे दाखले पाठवा, पिशवीची लांबी-रुंदी-उंची कळवा. आमच्या विमानाची वजनाची मर्यादा तेव्हा पिशवीसकट सात किलो होती. त्याहून जास्त भरलं की कुत्रं खाली, सामानाच्या पोटात. तिथंही हवेचा दाब वरच्याइतकाच ठेवतात, म्हणजे श्वासाचा प्रश्न नसतो. पण आपलं माणूस नसतं, आणि धावपट्टीवर विमान उन्हात उभं राहिलं तर तिथं काय तापतं ते कुणी बघायला जात नाही. पग, बुलडॉग अशा बसक्या नाकाच्या जातींना बऱ्याच कंपन्या खाली घेतच नाहीत, त्याचं कारण हेच. धापा टाकून अंग थंड करायची त्यांची व्यवस्था मुळातच अपुरी असते.

चिंगीचं वजन करायचं कुठे? आमच्या बाजारात त्या दिवसांत सगळ्यात विश्वासू काटा काजू बियांच्या व्यापाऱ्याकडे होता. हंगाम संपत आलेला, दुकानात पोती रचलेली. पिशवीत चिंगी, पिशवी काट्यावर, आणि भोवती बिया विकायला आलेली चार माणसं. काट्यावर सात किलो दोनशे ग्रॅम. व्यापारी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "बी चांगली हा, पण ओली दिसता. सुकवून हाडा." माणसं हसली. आई हसली नाही. तिनं पिशवीच्या तळातला पुठ्ठा काढून परत वजन करायला लावलं.

मग पथ्य सुरू झालं. बांगड्याचं डोकं बंद. पेजेतलं तूप बंद. भात अर्धा. आईला हे मुळीच पटलं नव्हतं. "माझ्या गुडघ्यांसाठी तिका कित्याक उपाशी ठेवतंस गो?" असं ती मला दिवसातून एकदा तरी विचारी, आणि स्वतः मात्र तेवढ्या दिवसांत दुपारचं जेवण अर्धं टाकून उठत होती.

पिशवी पडवीत उघडी टाकून ठेवायची, कुत्र्याला तिची सवय होऊ द्यायची, असं सगळे सांगतात आणि ते खरं आहे. जेवण आत द्यायचं, आधी चेन न लावता, मग थोडा वेळ लावून. चिंगीनं पहिले काही दिवस पिशवीकडे ढुंकून पाहिलं नाही. कोंबडीनं पाहिलं. मऊ अंथरूण, तीन बाजूंनी आडोसा, जाळीतून वारा. एका सकाळी आत अंडं. त्यानंतर मात्र चिंगी पिशवीवर हक्क सांगायला लागली आणि कोंबडी जवळ आली की आत शिरून गुरगुरायची. आमच्या सगळ्या तयारीत कोंबडीइतकं कामाला कुणी आलं नाही.

दाखला हवा होता विमानप्रवासाला योग्य असल्याचा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आमच्या आधी एक वासरू, दोन शेळ्या आणि पान्हा चोरणाऱ्या म्हशीचा मालक बसला होता. डॉक्टरांनी चिंगीचे दात पाहिले, छाती ऐकली, रेबीजच्या लसीची तारीख पुस्तकातून उतरवून घेतली. आई मध्येच म्हणाली, "गुंगीचा कायतरी द्या तिका." डॉक्टर नाही म्हणाले, आणि का नाही तेही त्यांनी म्हशीच्या मालकाला ताटकळत ठेवून समजावून सांगितलं. गुंगीच्या औषधानं रक्तदाब उतरतो, तोल जातो, शरीराचं तापमान सांभाळणं बिघडतं. वर हवा विरळ, आणि काही झालंच तर विमानात कोण बघणार? घाबरलेलं कुत्रं जागं असलेलं बरं. आई ऐकत होती. मग तिनं विचारलं, "आणि माणसाक दिला तर चालता?" डॉक्टर हसले, मीही हसले. तिथं थोडं थांबायला हवं होतं असं आता वाटतं, पण म्हशीच्या मालकाचा धीर सुटत चालला होता.

निघायच्या आधीच्या रात्रींत मी नको ते वाचत बसले. आकाशात गेलेल्या कुत्र्यांचं. लायका मॉस्कोच्या रस्त्यावरची भटकी कुत्री, वजन जेमतेम पाच-सहा किलो, म्हणजे आमच्या चिंगीएवढंच. सोव्हिएत शास्त्रज्ञ मुद्दाम भटकी कुत्री धरत. थंडी आणि भूक काढलेली, म्हणून टिकतील असा त्यांचा कयास. माद्याच घेत, कारण त्यांना लघवीला तंगडी वर करावी लागत नाही आणि त्या चिंचोळ्या खोक्यात तेवढी जागा नव्हतीच. ३ नोव्हेंबर १९५७ ला तिला स्पुटनिक-२ मधून सोडली. परत आणायची सोय मुळात केलेलीच नव्हती. ती काही दिवस जगली असं जगाला सांगितलं गेलं. काही तासांतच उष्णतेनं गेली हे बाहेर आलं २००२ मध्ये. १९६० च्या ऑगस्टमध्ये गेलेल्या बेल्का आणि स्ट्रेल्का मात्र जिवंत परतल्या, आणि स्ट्रेल्काला पुढे झालेल्या पिल्लांपैकी पुशिन्का ही केनेडींच्या घरी, थेट व्हाइट हाउसमध्ये, भेट म्हणून गेली. हे दुसरं मी आईला सांगितलं. पहिलं नाही.

आईनं तिच्या बाजूनं बंदोबस्त केला होता. आरवलीच्या वेतोबाला केळीचा घड आणि गाऱ्हाणं. वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो आणि फिरून फिरून त्याच्या चपला झिजतात, म्हणून त्याला नवसाच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. गाऱ्हाण्यात चिंगीचं नाव रीतसर घेतलं गेलं: हे लेकरू आज परमुलखात, वरच्या वाटेनं जातंय, त्याच्या कानाडोळ्याला, जिवाला काय इजा होऊ देऊ नकोस रे म्हाराजा. मागे उभे असलेले दोघेतिघे "व्हय म्हाराजा" म्हणाले. मी येताना आईला विचारलं, वेतोबा तर पायी फिरणारा, त्याची हद्द गावाच्या शिवेपर्यंत. विमानात त्याचं काय चालणार? आई म्हणाली, "ता तेका ठावक."

मोपाला सुरक्षातपासणीत कुत्र्याला पिशवीतून बाहेर काढावं लागतं. पिशवी एकटी क्ष-किरणांच्या यंत्रातून जाते आणि कुत्र्याला कडेवर घेऊन माणूस चौकटीतून. चिंगीच्या गळ्यात आईनं बांधलेली पितळी घुंगरं होती, चौकट ओरडली. जवानानं विचारलं, "काटता है क्या?" आई म्हणाली, "नाही हो, ती गरीब आहे." आईच्या मराठीवर आणि त्याच्या हिंदीवर दोघांचं भागलं. त्यानं घुंगरं काढायला लावली, हातातल्या यंत्रानं चिंगीची पाठ तपासली आणि नियमात नसलेलं काम केलं: तिच्या कानामागे खाजवलं. घुंगरं आईनं पर्सच्या आतल्या कप्प्यात, देवीच्या अंगाऱ्याच्या पुडीशेजारी ठेवली.

आमची जागा मागच्या रांगेत, आई खिडकीशी. पिशवी पुढच्या आसनाच्या खाली, आईच्या पायांशी. प्रवासभर कुत्र्याला बाहेर काढायचं नाही, मांडीवर घ्यायचं नाही. पिशवीत आईचं एक जुनं सुती पातळ घडी करून अंथरलं होतं, मुद्दाम न धुतलेलं. चुलीचा धूर, सुक्या मासळीची फडताळं, घामाचा आणि खोबरेल तेलाचा वास. कुत्र्याला शांत ठेवायला यापेक्षा चांगलं औषध नाही, हे डॉक्टरांनीच सांगितलेलं.

मी त्या तासाभरात चिंगीच्या नाकाबद्दलच विचार करत होते. कुत्र्याच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी आपल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त, आणि ते नाक ओलं असावं लागतं, तरच वास नीट चिकटतो. आमच्याकडची हवा मे अखेरीला अंगाला चिकटते एवढी दमट. विमानातली हवा मात्र कोरडी ठक्क, आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते, आणि ती सतत गाळून दर दोन-तीन मिनिटांनी बदललेली. म्हणजे नाकानं जगणाऱ्या प्राण्याला आपण एका बिनवासाच्या खोलीत बसवतो आणि दार उघडतो तेव्हा गाव बदललेलं असतं. आमच्याकडे नको असलेलं मांजर पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडायची जुनी रीत आहे, वाट कळू नये म्हणून. तरी त्यातली काही परत येतातच. पोत्यातूनही वाटेचा वास त्यांना मिळत असावा. विमानानं ती फटसुद्धा बुजवली आहे. चिंगीला उद्या परत जावंसं वाटलं तर तिला दिशा कळणार नाही. हा विचार मला अजिबात आवडला नाही, आणि त्यावर उपायही नव्हता.

विमान धावायला लागलं तेव्हा आईनं वाकून पिशवीची चेन दोन बोटं उघडली आणि हात आत घातला. "भियाली ती," म्हणाली. मी वाकून पाहिलं. चिंगी पातळात नाक खुपसून बसली होती, डोळे उघडे, कान मागे, पण थरथर नाही. थरथर आईच्या दंडाला होती. विमान उचललं गेलं तसं तिनं डोळे मिटले. ओठ हलत होते, रामरक्षा असणार. आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं की आईसुद्धा पहिल्यांदाच विमानात बसली आहे. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण चिंगीचं वजन, चिंगीचा दाखला, चिंगीची पिशवी यांच्या धावपळीत आईला कुणी एकदा तरी विचारलं का, तुला भीती वाटते का म्हणून? तिच्यासाठी कुणी पडवीत खुर्ची मांडून सवय करून दिली नव्हती.

"तिचे कान दडे बसले आसतले," आई थोड्या वेळानं म्हणाली. वर गेल्यावर विमानातला दाब आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखा होऊ शकतो. कळसूबाई साडेपाच हजारांच्या आतच. कानात हवा अडकते आणि ती मोकळी व्हायला गिळावं लागतं, चघळावं लागतं, जांभई द्यावी लागते. कुत्र्याला नाक दाबून फुंकर मारता येत नाही. मी पिशवीत सुक्या खोबऱ्याचा एक पातळ काप सरकवला आणि दुसरा आईच्या हातावर ठेवला. दोघी चावत बसल्या. "आता बरा वाटता तिका," आई म्हणाली.

मग तिनं खिडकीतून खाली पाहिलं. आणि पाहतच राहिली. सह्याद्री ओलांडून झाला होता, खाली तपकिरी जमीन, मधून मधून तळ्यांच्या चकत्या. ती काही बोलली नाही. हात मात्र पिशवीतून बाहेर आला होता.

बंगळुरूचं विमानतळ समुद्रसपाटीपासून जवळपास तीन हजार फुटांवर, त्यामुळे उतरताना कानांना तेवढा त्रास होत नाही. खरा होतो तो उलट येताना, कोकणात उतरताना. चिंगी विमान टेकलं तेव्हा एकदाच भुंकली. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी दचकून पाय वर घेतले. सगळा प्रवास त्यांच्या पाठीमागे कुत्रं होतं हे त्यांना तेव्हा कळलं. बाहेर आल्यावर पहिल्या झाडाखाली ती एवढा वेळ उभी राहिली की टॅक्सीवाल्यानं इंजिन बंद केलं. मग ती झाड हुंगत राहिली, फूटपाथ हुंगत राहिली, माझे बूट हुंगून आईकडे गेली आणि तिच्या साडीच्या घडीत तिनं नाक घातलं. आईनं पर्समधून घुंगरं काढून तिच्या गळ्यात बांधली, तिथेच, ट्रॉल्यांच्या गर्दीत.

आता आईचे गुडघे झाले आहेत. ती व्हरांड्यात काठी घेऊन फेऱ्या घालते, चिंगी मागोमाग, आणि चौथ्या मजल्यावरच्या त्या व्हरांड्यातून बिबट्याची राखण करते. गणपतीपर्यंत आईला घरी पोचायचं आहे, ते ठरलेलंच. मी म्हटलं, या खेपेला पाय लांब करायला मोठी गाडी ठरवते, घाटानं आरामात थांबत थांबत जाऊ, चिंगीला वाटेत उतरवू, तिच्या कानांनाही त्रास नको.

"नको," आई म्हणाली, "तिका विमान आवाडला."

"तुला कुणी सांगितलं?"

"खिडकेची जागा घे. आणि समुद्राच्या बाजूची. उतरताना तिका दर्यो दिसाक व्हयो."

ती आसनाखाली पिशवीत असते, तिला आपल्या पावलांपलीकडे काही दिसत नाही, असं मी म्हटलं.

"तू तिकीट काड गो," आई म्हणाली.